तीन पाण्यांचा जिल्हा

बुलढाणा जिल्ह्यात पडलेला पाऊस तीन वाटांनी जातो. घाटाखाली पडतो तो नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांमधून पूर्णेत उतरतो, चांगदेवला तापीत मिसळतो आणि सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्राला मिळतो. घाटावर, आमच्या धाडच्या अंगाला, पडणाऱ्या पावसाची दिशाच उलटी. तो दक्षिणेला वाहतो, मराठवाड्यातून जाणाऱ्या दुसऱ्या पूर्णेत शिरतो आणि गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. तिसरी वाट अगदी आखूड. लोणारच्या विवरात उतरलेलं पाणी तिथून पुढे वाहतच नाही. उन्हाने त्याची वाफ होते आणि त्यात विरघळलेला क्षार तेवढा मागे उरतो. हजारो वर्षं हे असंच चाललं आहे.

त्यामुळे एकाच जिल्ह्यात घाटावरचं गोडं पाणी आहे, लोणारचं खारं पाणी आहे आणि घाटाखाली पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्ट्यातलं मचूळ पाणीही आहे. समुद्र आमच्यापासून फार लांब. धाडमधली कितीतरी माणसं तो न पाहताच म्हातारी होतात. तरीही पाण्यात राहणाऱ्या जिवाला मिठाशी कसं जमवून घ्यावं लागतं, हे समजून घ्यायला याहून चांगला मुलूख मला ठाऊक नाही.

आठवडी बाजारात मासळीच्या दोन तऱ्हा दिसतात. एकीकडे भोई समाजाच्या बायका धरणा-तलावातला ताजा माल घेऊन बसतात. रोहू, कटला, मृगळ, कधी वाम, कधी घमेल्यातल्या इवल्याशा पाण्यात वळवळणारी मरळ. दुसरीकडे पोत्यांवर सुकट, जवळा आणि बोंबलांचे ढीग. गोडं पाणी ताजं येतं आणि समुद्र सुकून येतो, अशी इकडची रीत. ‘मावशी, ताजा आहे ना?’ असं विचारलं की मावशी बोलत बसत नाही. रोहू उचलते, अंगठ्याने त्याच्या गालावरचं झाकण वर करते आणि म्हणते, ‘कल्ले पाहा ना भाऊ, कसे लालभडक हायेत.’

ती दाखवते ती जागा खरोखरच पाहण्यासारखी आहे. झाकणाखाली दोन्ही बाजूंना चार-चार कमानी असतात. प्रत्येक कमानीवर तांबड्या तंतूंच्या दोन रांगा. भिंग धरलं तर प्रत्येक तंतूवर आडव्या, नाजूक पापुद्र्यांची दाटी दिसते. त्या पापुद्र्यांमध्ये रक्त खेळत असतं आणि बाहेरून पाणी वाहत असतं. दोहोंच्या मधला पडदा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ. प्राणवायू आत यायचा तर पडदा एवढा पातळ हवाच. पण ज्या दाराने प्राणवायू येतो त्याच दाराने पाणीही ये-जा करतं आणि मीठही निसटतं. घशापासून शेपटीपर्यंत माशाचं अंग खवल्यांनी आणि चिकट स्रावाने झाकलेलं आहे. उघडा आहे तो एवढाच भाग, आणि श्वासासाठी तो उघडा ठेवावाच लागतो. माशाच्या प्रत्येक श्वासाला पाण्याची आणि मिठाची घट-वाढ चिकटलेली आहे.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात पाणी सुटतं, हे लोणचं घालणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. मीठ जिकडे जास्त तिकडे पाणी ओढलं जातं. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. कल्ल्यांमध्ये दिवसरात्र हेच चालू असतं, फरक एवढाच की मासा जिवंत आहे आणि त्याला जसा आहे तसाच राहायचं आहे.

आता आकडे पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. दवाखान्यात आपल्या शिरेतून चढवतात त्या साध्या सलाईनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं, कारण आपलं रक्त त्याच तोलाचं आहे. बहुतेक हाडांच्या माशांचं रक्तही थोड्याफार फरकाने याच घरात बसतं, मग तो आमच्या तलावातला रोहू असो की मुंबईच्या समुद्रातलं पापलेट. तलावाच्या गोड्या पाण्यात मात्र लिटरला अर्धा ग्रॅमही क्षार क्वचितच असतात. म्हणजे रोहूचं रक्त त्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट, आणि पापलेटचं रक्त त्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी अळणी. दोघेही आपल्या पाण्यात परके आहेत.

या परकेपणाची दोघांची दुखणी वेगळी. रोहूच्या अंगात पाणी न बोलावता शिरत राहतं. म्हणून तो पाणी जवळपास पीतच नाही आणि त्याची मूत्रपिंडं पातळ लघवी भरपूर तयार करून ते पाणी बाहेर टाकत राहतात. त्या लघवीबरोबर थोडं मीठ जातंच. ते भरून काढायला कल्ल्यांमधल्या खास पेशी तलावाच्या जवळजवळ बिनमिठाच्या पाण्यातून मीठ वेचून आत घेतात. पापलेटचं उलट. त्याच्या अंगातलं पाणी सतत समुद्राकडे ओढलं जातं. चहूकडे पाणी असून ते तहानलेलं असतं. म्हणून ते समुद्राचं पाणी पितं, आतड्यातून पाण्याबरोबर मीठही शोषतं आणि मग ते जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे परत समुद्रात लोटतं. मॅग्नेशियम आणि सल्फेटसारखे जड क्षार मूत्रपिंडांच्या वाट्याला येतात आणि थोड्याशा लघवीतून बाहेर पडतात. एकच अवयव, कल्ला, आणि तलावात त्याचं काम मीठ आत आणण्याचं तर समुद्रात बाहेर काढण्याचं.

हे सगळं माणसाला कळून अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. समुद्रातला मासा खरंच पाणी पितो का, हा प्रश्न अमेरिकेच्या होमर स्मिथ या मूत्रपिंड-अभ्यासकाने 1930 साली सोडवला. त्याने माशांच्या पाण्यात फिनॉल रेड नावाचा लाल रंग मिसळला. हा रंग आतड्यात शोषला जात नाही. थोड्या काळाने आतड्यात तो बाहेरच्यापेक्षा दाट झालेला मिळाला. मासा पाणी पितो, पाणी अंगात घेतो आणि रंग मागे उरतो, हे त्यावरून सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी कोपनहेगनला ऑगस्ट क्रोघ यांच्या प्रयोगशाळेत अँसेल कीज यांनी वाम-जातीच्या माशाचे कल्ले मीठ बाहेर फेकतात हे दाखवलं. स्वतः क्रोघ यांनी मग गोड्या पाण्यातले मासे आणि बेडूक अतिशय पातळ पाण्यातूनही मीठ आत ओढतात हे दाखवून दिलं आणि 1939 मध्ये पाण्यातल्या प्राण्यांच्या परासरण-नियमनावर पुस्तक लिहिलं. या विषयाचा पाया त्या दशकात घातला गेला.

पण मीठ उलट्या दिशेला ढकलणार कसं? ते आपणहून जास्तीकडून कमीकडे जाईल, कमीकडून जास्तीकडे न्यायचं तर शक्ती खर्च करावी लागते. ही शक्ती कुठे खर्ची पडते याचा मुख्य धागा 1957 साली डेन्मार्कच्याच जेन्स स्कौ यांना सापडला, आणि तोही खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत. पेशीच्या आवरणात एक प्रथिन बसलेलं असतं. ते सोडियमचे तीन कण बाहेर टाकतं आणि पोटॅशियमचे दोन आत घेतं, आणि दर फेरीला पेशीच्या ऊर्जेचं एक नाणं मोडतं. कल्ल्यांमधल्या मीठ हलवणाऱ्या पेशी या प्रथिनाने आणि ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात. आपल्या मूत्रपिंडात, मेंदूत, स्नायूंतही हाच पंप चालू आहे. 1997 मध्ये स्कौ यांना या शोधासाठी नोबेल मिळालं. रोहूपासून मावशीपर्यंत आणि मावशीपासून माझ्यापर्यंत जगणं म्हणजे हा पंप चालू ठेवणं. मेलेल्या माशाचे कल्ले आधी फिकट आणि मग मातकट होतात, तोवर पंप बंद पडलेला असतो आणि आतबाहेरचा फरक मिटू लागलेला असतो.

खेकड्याचं नाव निघालं ते आमच्या ओढ्यांना साजेसंच आहे. धाडच्या परिसरातल्या नाल्यांच्या काठाला, दगडांच्या फटीत आणि ओल्या मातीच्या बिळांत काळपट खेकडा असतो. पावसाळ्यात पोरं त्याला हुडकतात, घरी त्याचा रस्सा होतो. त्याचे पूर्वज समुद्रातले. समुद्रातले पुष्कळसे खेकडे आपलं रक्त आजूबाजूच्या पाण्याच्याच तोलाचं ठेवतात आणि हा सगळा खटाटोप टाळतात. ओढ्यातल्या खेकड्याला ती सोय नाही. त्याचं रक्त ओढ्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट खारट असतं. ते तसं टिकतं याचं एक कारण त्याचं अंग फारसं पाझरत नाही हे, आणि दुसरं कारण त्याचे कल्ले रात्रंदिवस मीठ वेचतात हे.

या खेकड्याची मादी हातात घेऊन उलटी केली तर पोटाखालचा रुंद पदर उघडून पाहता येतो. हंगाम असेल तर त्याखाली मोहरीपेक्षा मोठी टपोरी अंडी असतात, नाहीतर पूर्ण आकाराला आलेली, आठ पाय आणि दोन नांग्या असलेली चिमुकली पिल्लं एकमेकांना बिलगून बसलेली असतात. समुद्रातली खेकडी लाखो बारीक अंडी घालते आणि तिची अळ्यांसारखी पिल्लं समुद्रात तरंगत वाढतात, कारण तिथे बाहेरचं पाणी त्यांच्या आतल्या पाण्याशी मिळतंजुळतं असतं. गोड्या पाण्यात एवढ्या कोवळ्या जिवाला आपलं मीठ सांभाळता येत नाही. म्हणून ओढ्यातली खेकडी अंड्यात भरपूर बलक भरते, पिल्लू अंड्यातच खेकडा होऊन बाहेर येतं, आणि अंगातलं मीठ राखण्याइतकं बळ आलं की पदराखालून निघतं. आईची माया म्हणून आपण जे पाहतो त्यात मिठाचा केवढा हिशेब दडलेला असतो, हे त्या पदराखाली पाहिल्यावर मला पहिल्यांदा उमगलं.

कोकणात यावर तिसराच तोडगा दिसतो. मालवणकडे मोरी म्हणून जी शार्कची लहान जात खातात ती आपल्या रक्तात युरिया साठवते. आपल्या अंगात युरिया हे टाकाऊ द्रव्य. मोरीने त्याचाच उपयोग केला. मीठ कमी आणि युरिया जास्त, अशा मिश्रणाने तिचं रक्त समुद्राच्या तोलाचं होतं, आणि पाणी बाहेर ओढलं जायचं थांबतं. युरियाने प्रथिनं बिघडू नयेत म्हणून ती आणखी एक द्रव्य बाळगते. मोरी थोडी शिळी झाली की नाकात अमोनियाचा झणका जातो, तो या युरियाचाच. खाडीतली कालवं तर याहून सोपा मार्ग धरतात. पावसाळ्यात खाडीचं पाणी अचानक गोडं झालं की ती कवच घट्ट मिटून घेतात आणि भरतीची वाट पाहतात.

सगळ्यांत अवघड काम मात्र दोन्ही पाण्यांतून प्रवास करणाऱ्यांचं. आमच्या घाटाखालचं पाणी ज्या तापीतून समुद्राला मिळतं, त्या तापीच्या मुखातून पाला मासा गोड्या पाण्यात अंडी घालायला वर चढत असे. बंगाली माणूस त्यालाच इलिश म्हणतो. समुद्रात असताना मीठ बाहेर टाकणारे त्याचे कल्ले नदीत शिरताना मीठ आत घेऊ लागतात. पाणी पिणं थांबतं, लघवी वाढते, कल्ल्यांतल्या पेशींची जागा दुसऱ्या जातीच्या पेशी घेतात. सगळं शरीर काही दिवसांत उलटं फिरतं. गोदावरीच्या खोऱ्यात आढळणारा, सापासारखा लांब अहिर मासा याच्या बरोबर विरुद्ध वाटेने जातो. तो गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला समुद्राला उतरतो. धाडच्या ओढ्यापासून त्या समुद्रापर्यंतचा नकाशा मी कधी कधी बोटाने चालत जातो. खडकपूर्णा, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी, बाभळी, श्रीरामसागर, आणि थेट राजमहेंद्रीजवळचा दवलेश्वरम बंधारा. शरीराने दोन्ही पाण्यांची तयारी ठेवली, पण वाट भिंतींनी अडवली. धरणांवर आमची शेती आणि आमची तहान भागते, हे मी विसरत नाही. तरी मिठाचा एवढा कठीण धडा लक्षावधी वर्षांत गिरवलेल्या जिवाला सिमेंटसमोर हरावं लागतं, याचं वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

आता तिसऱ्या पाण्याकडे. लोणारचं विवर उल्केच्या आघाताने काळ्या बेसॉल्ट खडकात झालेलं. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत त्याचा उल्लेख आहे, आणि 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. लोककथेत इथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने त्याला मारलं. तळ्याच्या क्षारांचे वेगवेगळे प्रकार लोकांनी नावं देऊन ओळखले होते, त्यांचा साबणासाठी, काचेसाठी उपयोग होत असे. काठाशी बसून पाण्यात बोटं बुडवली की ती एकमेकांवरून घसरतात, साबण लागल्यासारखी बुळबुळीत. त्या पाण्यात हळद टाकली तर ती लाल होते. हे पाणी नुसतं खारट नाही, सोडियम कार्बोनेटमुळे ते तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू 10 च्या आसपास जातो.

पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी या पाण्यात मासा पाहिला नाही. त्याचं कारण एकट्या मिठात शोधून भागत नाही. मासा आपल्या अंगातला नायट्रोजनचा कचरा अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे सोडून देतो. पाणी एवढं अल्कधर्मी असलं की अमोनियाला बाहेर पडायला वाटच उरत नाही. तो रक्तात साचतो आणि मासा विषाने मरतो. जगात एका माशाने यावर तोड काढली आहे. केनियातल्या मगाडी तळ्यातला छोटा तिलापिया सगळा नायट्रोजन युरिया करून बाहेर टाकतो. 1989 साली हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. लोणारच्या पाण्याला असा मासा मिळाला नाही. इथे राज्य चाललं ते स्पिरुलिनासारख्या हिरव्या-निळ्या शेवाळाचं आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं.

2020 च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचे डोळे आमच्या जिल्ह्याकडे लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि रंगाचं कारण सांगितलं: मीठ आवडणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव आणि त्यांचं गुलाबी रंगद्रव्य. पाणी आटून खारटपणा वाढल्यावर त्यांना बहर आला. मिठाशी जमवून घेण्याची यांची तऱ्हा आजवर सांगितलेल्या सगळ्यांहून निराळी. ते मीठ बाहेर ठेवत नाहीत. पेशीच्या आतच पोटॅशियम क्लोराइड ठासून भरतात, आणि त्यांची प्रथिनंही अशी घडलेली की एवढ्या मिठातच ती नीट उभी राहतात. पाणी गोडं झालं तर उलट तीच कोलमडतात. म्हणजे आपल्याला जे पाणी जीवन देतं ते यांच्यातल्या अनेकांना मरण. काही वर्षी इथे उतरणारे रोहित पक्षी सुद्धा खाऱ्या पाण्यात चरतात आणि डोळ्यांवरच्या ग्रंथींमधून जास्तीचं मीठ नाकावाटे गाळून टाकतात.

कमळजादेवीच्या मंदिरासमोरची सासू-सुनेची विहीर सगळ्यांना दाखवतात. एका अंगाचं पाणी गोड, दुसऱ्या अंगाचं खारट, अशी तिची ख्याती. विवराच्या उतारावरून गोड्या पाण्याचे झरे येतात, धारेचं पाणी बाराही महिने वाहतं, आणि तळं त्याच्याशी उन्हाच्या जोरावर बरोबरी साधत आलं आहे. जेवढं गोडं पाणी येतं तेवढं आटलं तर खारटपणा टिकतो. अलीकडच्या वर्षांत तळ्याची पातळी चढली, पाणी मंदिराला भिडल्याच्या बातम्या आल्या, गावाचं सांडपाणीही विवरात उतरल्याच्या तक्रारी झाल्या. 2020 मध्येच लोणार रामसर पाणथळ म्हणून जाहीर झालं, पण ती मानाची पाटी या तळ्याचा तोल सांभाळू शकत नाही. पाणी भरलेलं दिसलं की आपल्या भागातल्या माणसाचं मन सुखावतं. लोणारपुरती ही सवय सोडली पाहिजे. तिथे वाढलेलं पाणी म्हणजे पातळ झालेलं पाणी, आणि पातळ पाण्यात तिथला जीव टिकणार नाही.

याच जिल्ह्यात घाट उतरून गेलं की चित्र पालटतं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, पूर्णेच्या गाळाची काळीभोर जमीन, आणि खाली विहिरीला लागणारं मचूळ पाणी. हा खारपाणपट्टा पुढे अकोला, अमरावतीपर्यंत गेला आहे. या पाण्याने पीक भिजवलं तर जमीन चोपण होते, म्हणून कपाशी, तूर, ज्वारी पावसाच्या भरवशावर. गजानन महाराजांच्या चरित्रात अकोलीच्या कोरड्या विहिरीला पाणी लागल्याची जी कथा भाविक सांगतात, ती याच मुलखात का रुजली हे उन्हाळ्यात इथे दोन दिवस काढले की समजतं.

मासा आणि माणूस यांचा हिशेब इथे एकत्र येतो. आपली दोन मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून सगळा परत रक्तात घेतात. होमर स्मिथचं म्हणणं होतं की हा गाळण्याचा अवयव पहिल्यांदा गोड्या पाण्यातल्या पूर्वज-माशांनी जास्तीचं पाणी फेकायला घडवला. जमिनीवर आलेल्या आपल्याला मात्र पाणी वाचवायचं असतं, म्हणून तोच अवयव आपण उलट्या कामाला जुंपला. त्याची ताकद ठरावीक आहे. समुद्राच्या पाण्याइतकी खारट लघवी तो करू शकत नाही, त्यामुळे समुद्राचं पाणी पिणारा माणूस आणखी कोरडा पडतो. पापलेटजवळ कल्ले आहेत, रोहित पक्ष्याजवळ ग्रंथी आहेत. आपल्याजवळ आणखी काही नाही.

म्हणून खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा वर्षानुवर्षं चालते ती मी अफवा म्हणून झटकत नाही. एकट्या पाण्यावर बोट ठेवूनही चालणार नाही. रक्तदाब, मधुमेह, उठसूट घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, तपासणीला झालेला उशीर, यांचाही त्यात हात असतो. पण उन्हात राबणारा शेतमजूर दिवसभर जे पाणी पितो ते चांगलं असायला हवं, एवढं मान्य करायला कुठल्याही अहवालाची गरज नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरा इलाजच नसेल तर 2000 पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. वान धरणाचं पाणी नळाने आणण्याची 140 गावांची योजना त्यासाठीच झाली. जिथे नळाला पाणी येतं तिथे बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरतोच, शिवाय तिच्या मूत्रपिंडांवरचं ओझंही उतरतं.

खाऱ्या पाण्याचे प्रकार किती असतात हे उत्तरेत हरियाणातल्या खारवट जमिनीवर कोळंबी वाढवताना ध्यानात आलं. मुंबईत वर्सोव्याला मुख्यालय असलेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या रोहतकच्या केंद्राने तिथलं जमिनीतलं पाणी वापरलं. खारटपणा पुरेसा होता, पण त्यात पोटॅशियम कमी. पोटॅशियमशिवाय तो स्कौंचा पंप चालणार कसा? पोटॅश घातल्यावर कोळंबी तगली. जिवाला खारं किंवा गोडं असं ढोबळ पाणी लागत नाही. त्याला त्याच्या शरीराला पेलेल असा नेमका तोल लागतो.

आपल्याकडे गोडं पाणी म्हटलं की पुण्य आणि खारं म्हटलं की शाप, अशी सरळ वाटणी आहे. पाण्यातल्या जिवांकडे पाहून माझी ती समजूत गेली. बिनमिठाच्या तलावात रोहू मिठासाठी झटतो, खारट समुद्रात पापलेट पाण्यासाठी झटतं, आणि लोणारच्या सूक्ष्मजिवाला मिठाशिवाय उभंही राहता येत नाही. प्रत्येकाने आपला तोल राखण्याची किंमत मोजली आहे, आणि ती तो रोज मोजतो. बाहेरचं पाणी त्याला पेलेल त्याहून जास्त आणि झपाट्याने बदललं तर ती किंमत त्याच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून आमच्या जिल्ह्यापुढे दोन कामं आहेत, आणि ती वरवर पाहता एकमेकांच्या उलट आहेत. लोणारच्या विवरात जास्तीचं गोडं पाणी आणि सांडपाणी शिरू द्यायचं नाही, आणि संग्रामपूर-जळगाव जामोदच्या शेवटच्या वस्तीपर्यंत गोडं पाणी पोचवायचं. पहिलं काम पर्यावरणवाल्यांचं आणि दुसरं सरकारचं, अशी विभागणी मला पटत नाही. ही दोन्ही कामं आपल्या सगळ्यांची आहेत, आणि मासे, खेकडे, सूक्ष्मजीव किंवा माणसं यांच्यातलं जे कुणी त्या पाण्याच्या भरवशावर आहे त्याचा तोल ओळखूनच ती करायला हवीत.